उतरंडीचे दिवे

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादाला आज छत्तीस सांगितले. दिवे अठ्ठेचाळीस होते!

काय गार वाटलं म्हणून सांगू! त्याने मान हलवली, ओठातल्या ओठात गुणाकार केला आणि माझ्या थापेवर मजले चढवायला बसला. एवढा मोठा इंजिनियर, जन्मभर कारखान्यांची धुरांडी उभी केली, नुसत्या नजरेने उंची सांगायचा आणि टेप लावल्यावर ती बरोबर निघायची. त्याच्या हिशेबाच्या पायात मी भुसभुशीत माती भरली आणि त्याला पत्ता नाही. त्याला दिसत नाही, मला दिसतं. आमच्यात आता एवढाच फरक आहे आणि तो माझ्या बाजूचा आहे.

खेळ मी माझ्यासाठी आणला होता. रविवारी पडदे ओढून एकटाच खेळायचो. खेळात एक हमाल आहे, पाठीवर गाठोडं घेऊन अंधाऱ्या वस्तीतून चालत राहतो. मारामारी नाही, शर्यत नाही. नुसती बांधकामं—पण केवढी! सगळ्यात मोठं म्हणजे एकावर एक चढवलेले सात फुगीर बुरूज, वरचा खालच्याहून लहान. मी त्याला उतरंड म्हणतो आणि एकेका बुरुजाला मडकं. दादा बाजूच्या खुर्चीत नुसता बसून असायचा. काचबिंदूने डोळे गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तो नुसता बसूनच होता. एकदा म्हणाला, "कसला आवाज येतोय एवढा घुमणारा?" मी सांगितलं. तर हा ताठ झाला! "उंची किती?"

मी म्हणालो, "खेळातली आहे, कोणाला माहीत?"

"कोणाला माहीत म्हणजे? शेजारी माणूस उभा आहे ना? मग माप आहे."

तेव्हापासून हेच. हमालाची उंची आम्ही पायऱ्यांवरून काढली. पायरी किती उंच असते ते मला झोपेतही सांगता येईल, मी लिफ्टच्या कंपनीत नकाशे काढतो. हमाल निघाला साडेपाच फुटांचा. उतरंडीच्या पायथ्याशी उभं राहिलं की पडद्याच्या डाव्या बाजूने मिणमिणत्या दिव्यांची ओळ मडक्याच्या कडेकडेने वर जाते. दोन दिव्यांमध्ये एकावर एक पंचवीस हमाल. म्हणजे दिवे मोजायचे आणि गुणायचं. मोजतो मी, गुणतो तो.

सातही मडक्यांचे दिवे मी पाऊण करून सांगितले. का ते पुन्हा कधीतरी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खालचं मडकं दीड किलोमीटर. अख्खी उतरंड सहा. दादाने हे सगळं तोंडी केलं आणि दिवसभर शिट्टी वाजवत होता. आमच्या हिला म्हणाला, "अगं, डोक्याला गंज चढलेला नाही अजून!"

खरा आकडा माझ्याकडे आहे. आठ. मी कोणाला सांगत नाही, जिभेखाली गोळी धरावी तसा धरून ठेवलाय.

रविवार, ९ फेब्रुवारी

मेहुणा बायको-मुलांसकट जेवायला. दादा फॉर्मात. पाहुणे आले की त्याला माझी आठवण होते, ती अशी—

"हा आमचा पाऊण. माहीत आहे का, पाऊण का? आई दाराच्या चौकटीवर आमची उंची मांडायची. हा दहा वर्षांचा झाला तरी माझ्या पाऊणच भरायचा. मी म्हटलं, आई, हा पूर्ण कधी होणार? आई म्हणाली, राहू दे रे, एवढाच बरा आहे!"

सगळे हसले. मेहुण्याची मुलगी तर एवढी हसली की तिला ठसका लागला. ही माझी बायको—तीसुद्धा ओठ दाबून! पन्नाशीला आलोय मी. डोक्यावरचे केस गेले, पण पाऊण काही जात नाही.

"आणि काम काय करतो? डबे काढतो! लोकांना वरखाली न्यायचे डबे. मी उंच बांधायचो, हा त्यात डबा सोडतो."

मी हसलो. हसावंच लागतं. ताटाशेजारचा पेला हाताला लागून कलंडला, पाणी थेट मेहुण्याच्या पँटवर. डाव्या हाताला कोणी पेला ठेवला होता कोण जाणे. दादा लगेच, "काय सांडलं? पुन्हा डावीकडेच का?" जसं काही मी लहान मूल!

म्हणून पाऊण. प्रत्येक मडक्याचा आकडा पाऊण. त्याने मला जन्मभर ज्या मापाने मोजलं, त्याच मापाने त्याची उतरंड. घे!

बुधवार, १२ फेब्रुवारी

ऑफिसात बोंबाबोंब. दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या लिफ्टचा नकाशा माझ्या हातून गेला होता, त्यात डाव्या कडेचा खांब घ्यायचा राहिला. मूळ नकाशात तो होता. साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "इथे खांब आहे! तुमची लिफ्ट काय त्याच्या पोटातून जाणार?"

मी नकाशाकडे बघितलं. खांब होता खरा. साहेबांनी बोट ठेवल्यावर दिसला.

मी म्हणालो, "मापं नव्या मुलीने उतरवली होती." आत्ताच लागलेली आहे, कोपऱ्यात बसते, डबा खाताना पाठ फिरवून खाते. तिने मापं उतरवली नव्हती, फक्त कागद आणून दिले होते. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.  तिने एकदा माझ्याकडे बघितलं तेवढंच. बावळट! माणसाने तोंड उघडावं, नाहीतर मार खावा.

संध्याकाळी दादाने विचारलं, "आज लवकर? आवाज पडलाय तुझा."

"काही नाही."

"उतरंडीचं पहिलं मडकं पुन्हा मोजतोस का? मला एक गोष्ट खटकतेय."

मोजले. अठ्ठेचाळीस. सांगितले छत्तीस. तो म्हणाला, "ओळ सलग आहे?" मी खरं तेच सांगितलं—मडक्याच्या पोटापाशी, जिथे ते सगळ्यात जास्त बाहेर फुगतं, तिथे ओळ तुटते, दिवे नाहीत. खेळ बनवणाऱ्याने आळस केला असणार. 

"असं कोणी बांधत नाही," दादा म्हणाला. "कडेला नीट बघ."

झालं! स्वतःला एक दिवा दिसत नाही आणि मला सांगतो, नीट बघ!

रविवार, १६ फेब्रुवारी

आज मजा केली. या खेळातल्या बांधकामांची मापं काढणाऱ्यांचा एक गट आहे, मापाडी मंडळी नावाचा. सगळे टोपणनावाने लिहितात. त्यांचा म्होरक्या स्वतःला मुकादम म्हणवतो. भांडणं अशी करतात की एखाद्याला वाटावं, घराची वाटणी चाललीय! दादाचा हिशेब मी तिथे टाकला. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच ऐटीत: "मी निवृत्त इंजिनियर असून धुरांड्यांच्या बांधकामाचा मला दीर्घ अनुभव आहे. उतरंडीची उंची सहा किलोमीटर."

अर्ध्या तासात तुटून पडले. "आजोबा, चष्मा शोधा." "यांनी बांधलेल्या धुरांड्याखाली उभे राहू नका." एकाने तर दादाच्या नावे विटांच्या एवढ्याशा खेळण्यातल्या धुरांड्याचं चित्र टाकलं. त्यांचा स्वतःचा आकडा अकरा. अकरा! फुगवून सांगायची खोड, दुसरं काय? माझे आठ खरे.

दादा खुर्चीत बसून वाट बघत होता. "काय म्हणतायत?"

मी वाचून दाखवलं. "आदरणीय साहेब, आपली पद्धत थक्क करणारी आहे. आपल्यासारखा जाणकार आमच्यात यावा हे आमचं भाग्य." तिथल्या तिथे रचत होतो. मला एवढं सुचतं हे मलाच माहीत नव्हतं! दादाचा चेहरा… तो लाजला. मी त्याला कधी लाजताना पाहिलेलं नाही. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली, जणू ते लोक समोर उभे होते.

मग मीच मुकादमाला कळवलं: आजोबा सगळ्यांसमोर बोलायला तयार आहेत. त्याचं उत्तर लगेच आलं. दोन मार्चला त्यांची जाहीर बैठक आहे, हजारभर माणसं ऐकायला असतात. या म्हणाला. जरूर या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

स्टुलाला ठेचकाळलो. अंगठ्याचं नख निघालं. हिच्यावर ओरडलो, स्टूल वाटेत कशाला ठेवतेस? ही म्हणाली, "अहो, दहा वर्षं तिथेच आहे तो."

दादा आतून, "पाऊण, डोळे तपासून घे."

स्वतःचे गेले, आता माझेही गेलेले हवेत याला. म्हणजे जोडी जमेल!

गुरुवार, २० फेब्रुवारी

दादाची तयारी चाललीय. न्हावी घरी बोलावून दाढी केली. बैठकीत चेहरा दिसणार नाही, नुसता आवाज जाणार आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. "आवाजालाही दाढी कळते," म्हणाला. खोलीत येरझारा घालत भाषण पाठ करतो. भिंतीला हात लावून वळतो आणि पुन्हा सुरू. "मित्रहो, माणूस शेजारी उभा राहिल्याशिवाय कुठलीच उंची खरी नसते…" हे वाक्य आवडतं त्याला.

ही म्हणाली, "भाऊजी किती बदललेत हो! सकाळी आपणहून उठतात. चहा मागून घेतात." तिचे डोळे भरले होते. तिला वाटतं, मी देवमाणूस आहे, आंधळ्या भावाला खेळ समजावून सांगतो. दवाखान्यातून दमून येते—दातांच्या दवाखान्यात फोन घेते, दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकते—आणि आल्यावर माझ्या पानात आधी वाढते. मला क्षणभर वाटलं, आकडा दुरुस्त करून टाकावा. सांगावं, दादा, चुकून कमी मोजले.

तेवढ्यात तो म्हणाला, "पाऊण, शेवटचं एकदा मोज. आणि या वेळी मान वळवून मोज. घाईत तू कडेचं सोडतोस. लहानपणापासूनची सवय तुझी—अर्धवट बघायचं आणि पूर्ण सांगायचं."

मी मोजलं नाहीच. टीव्ही लावला, थोडा वेळ बसलो आणि म्हणालो, "छत्तीस."

"ओळ तुटते?"

"तुटते."

त्याने हिला हाक मारली. माझ्यासमोर, जसा मी तिथे नाहीच, तिला सांगितलं, "याची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घे. माझं असंच सुरू झालं होतं. कडेपासून. आणि हा आजार भावाभावांत चालतो." हिने लगेच फोन लावला. दहा मार्चची वेळ मिळाली.

मला विचारलंसुद्धा नाही. पाऊण माणसाला काय विचारायचं?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नवी मुलगी कामावरून गेली. साहेब म्हणाले, कडेचे खांब ज्याला दिसत नाहीत त्याने हे काम करू नये. तिने जाताना माझ्या टेबलावर माझी पट्टी आणून ठेवली, तिच्याकडे राहिली होती. "सर, तुमची." बस, एवढंच. राग राग करून गेली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवार, २ मार्च

झालं. सगळं लिहितो.

दुपारी चार वाजता बैठक. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. या रविवारी हिची दवाखान्यात पाळी होती, ते बरंच झालं. मी दादाला खुर्चीत बसवलं, कानाला लावायचं माईकचं यंत्र लावून दिलं, त्यांचे आवाज मात्र टीव्हीवरच ठेवले. मुकादम गोड बोलला: "आजोबा, तुमचा हिशेब सांगा." दादा सुरू झाला. मित्रहो, माणूस शेजारी उभा राहिल्याशिवाय… चांगला बोलला. खोटं कशाला लिहू? पायरीवरून हमाल, हमालावरून दोन दिव्यांमधलं अंतर, एकेक वीट रचत गेला. मध्येच मला भीती वाटली की हे लोक टाळ्या वाजवणार.

मग तो म्हणाला, "खालच्या मडक्याला छत्तीस दिवे."

 पलीकडे एक पोरगी खिदळली. मग सगळे. मुकादम म्हणाला, "आजोबा, आपण सगळे मिळून मोजू या का?" त्याने चित्र सगळ्यांसमोर ठेवलं आणि मोठ्याने मोजायला लागला, बालवाडीतल्या बाई मोजतात तसा सूर लावून. ती हजार माणसं मागे म्हणत होती. एक… दोन… तीन… मी पडद्याकडे बघतच नव्हतो, दादाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. छत्तीसला आले आणि थांबले नाहीत. दादाचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो प्रत्येक आकड्याला थोडा थोडा आवळत गेला. चौसष्ट! आरोळी ठोकली त्यांनी. "चौसष्ट, आजोबा! अर्धी उतरंड कुठे सांडली?" दुसरा म्हणाला, "अहो, आंधळा आहे की काय म्हातारा?"

दादा म्हणाला, "हो. आहे."

कोणाला ते खरं वाटलं नाही. आणखी हसले.

त्याने स्वतःच चाचपडत कानावरचं यंत्र काढलं आणि माझ्या दिशेला धरलं. दिशा चुकली होती. मी बराच वेळ ते घेतलं नाही, हात तसाच हवेत राहू दिला. तेवढं मला हवं होतं.

आणि चौसष्ट म्हणे! हजार गाढवं एका सुरात ओरडली म्हणून मोजणी खरी होत नाही. काही दिवे दोनदा मोजले असणार.

सोमवार, ३ मार्च

दादा खोलीतून बाहेर आला नाही. चहा तसाच. दाढी वाढायला लागली आहे. ही विचारते, काय झालं, काय झालं? मी म्हणालो, लोक वाईट असतात.

बुधवार, ५ मार्च

आज राहवलं नाही. मजा अर्धी राहिली होती ना! मार कोणी मारला हे ज्याला कळत नाही, त्याला मारण्यात काय अर्थ? ही कामावर गेल्यावर मी त्याच्या खोलीत गेलो. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

म्हणालो, "दादा, मी मुद्दाम कमी सांगत होतो."

त्याने मान वळवली. "काय?"

"दिवे. पहिल्या दिवसापासून. मला बरोबर दिसत होते. मी प्रत्येक आकडा पाऊण करून सांगितला. पाऊण! कळलं का, कशासाठी? आणि ती स्तुतीही मीच रचली. तिथे पहिल्या दिवसापासून तुझी टर उडवत होते. बैठकीलाही मीच तुला ढकललं."

आता ओरडेल, आता रडेल. मी दाराशी उभा राहिलो, नीट दिसावं म्हणून. तो पुढे झुकला.

"मुद्दाम? माझी शपथ?"

"तुझी शपथ. मुद्दाम."

आणि तो हसला! खोटं नाही, पोट धरून हसला. डोळ्यांतून पाणी आलं. त्या मेलेल्या डोळ्यांतूनही पाणी येतं हे मला माहीत नव्हतं. "अरे गाढवा! अरे हलकटा! मला वाटलं, तुझे डोळे चालले. महिनाभर झोप नाही मला. तू स्टुलाला आपटतोस, पाणी सांडतोस, दिव्यांची ओळ तुटते म्हणतोस. मी म्हटलं, गेला हा. माझ्यामागोमाग हाही गेला. आणि तू नुसता खोटं बोलत होतास!"

"तुला राग नाही आला?"

"राग? खोटं बोलणारा भाऊ परवडला रे. आंधळा नको." मग हात पुढे करून माझं तोंड चाचपडलं. माझ्या गालावर थापटलं. आईनंतर कोणी हात लावला नव्हता तिथे. "खेळ कशासाठी खेळत होतो मी? त्या मडक्यांची उंची घेऊन काय करणार मी या वयात? तू एकदा मेहुण्याला आत येताना पाहिलंच नाहीस, तो डावीकडे उभा होता, मला चाहुलीवरून कळलं, आणि तू विचारलंस, तो आला का? तेव्हापासून मी तुला मोजायला बसवत होतो."

संध्याकाळी ही आल्यावर त्याने तिला सांगितलं, "ती डॉक्टरांची वेळ रद्द कर. याचे डोळे ठणठणीत आहेत. मन तेवढं सडकं आहे, त्याला औषध नाही." दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवार, ६ मार्च

हरामखोर! सूडसुद्धा मला पूर्ण घेऊ दिला नाही. त्यातही मीच पाऊण.

शनिवार, ८ मार्च

सकाळी दादा चहा पिताना एकदम थांबला. कप हातात, तोंड अर्धवट उघडं. मग बशीत कप ठेवला. ठेवताना कप बशीच्या कडेला आपटला.

"पाऊण, तू म्हणालास प्रत्येक आकडा पाऊण केलास."

"हो. किती वेळा सांगू?"

"बरोबर पाऊण? अंदाजे नाही?"

"बरोबर पाऊण."

तो जुन्या पद्धतीने पाढे शिकलेला. पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं तोंडपाठ. लहानपणी माझ्याकडून घोकून घ्यायचा, चुकलं की मांडीला चिमटा. आज त्याच सुरात, पण हळू म्हणाला, "चौसष्ट पाऊणे?"

"अठ्ठेचाळीस."

"मग तू मला अठ्ठेचाळीस सांगायला हवे होते. तू छत्तीस सांगितलेस."

मी म्हणालो, ते लोक चुकीचं मोजतात.  मी म्हणालो, हजार माणसं काय, लाख माणसंही चुकतात.  त्याचा हात टेबलावरून माझ्या हाताकडे येत होता. मी माझा हात काढून घेतला आणि उठलो. जाताना दाराची कड खांद्याला लागली.

डावा खांदा.

रविवार, ९ मार्च

पडदे ओढले. हिला शेजारी बसवून सांगितलं, मडक्याच्या कडेचे दिवे मोज. तिने या खेळाकडे कधी ढुंकून पाहिलेलं नाही. बोट लावून सावकाश मोजले. चौसष्ट. मी मोजले, मान वळवून मोजले, खुर्ची पुढे ओढून मोजले. अठ्ठेचाळीस.

"पोटापाशी नाहीतच," मी म्हणालो.

"अहो, आहेत की! हा. हा. हा." ती पडद्यावर टकटक करत गेली. सोळा वेळा. मला टकटक ऐकू येत होती.

दवाखान्याचा खांब आठवला. ती मुलगी आठवली.

आतल्या खोलीतून दादाने विचारलं, "किती आले रे?" एवढ्या हळू, की उत्तर नको असावं.

ही माझ्याकडे बघत होती.

"चौसष्ट," मी म्हणालो.